मॅग्नेशियम मिश्रधातूंचे रूपण व भंग

मॅग्नेशियम मिश्रधातूला दाबून, वाकवून किंवा ओतून आकार देताना तो किती साथ देतो आणि कुठे तडकतो, हा या नोंदीचा विषय. मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७०, पोलादाची सुमारे ७.८५. भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाला या आकड्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय (स्थापना १९६६) ही संस्थाही पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. तरीही जगभर मॅग्नेशियमचे बहुतेक भाग डाय-कास्टिंगने (वितळलेला धातू दाबाने धातूच्या साच्यात भरून) ओतले जातात, प्रेसखाली पत्रा क्वचितच येतो. हा धातू मुळातच ठिसूळ आहे असे म्हणून विषय संपवतात, ते बरोबर नाही. त्याला सरकायला वाटा कमी आहेत, एवढेच.

या धातूचा स्फटिक षट्कोनी असतो. त्याचे अणूंचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे रचलेले असतात. चवड आडवी ढकलली तर भाकऱ्या सहज सरकतात, वरून दाबली तर जागच्या हलत नाहीत. धातूच्या कणाला, म्हणजे त्यातल्या एकेका लहान स्फटिकाला, हवा तो आकार घ्यायचा तर सरकण्याच्या पाच स्वतंत्र वाटा लागतात. या आडव्या थरांच्या सरकण्यातून मिळतात फक्त दोन. उरलेली कसर काही अंशी यमलनाने भरून निघते. यात स्फटिकाचा एक पट्टा एकदम सुमारे ८६ अंशांनी कलंडतो. पण हे यमलन थरांच्या उभ्या दिशेने ताण आला तरच सहज होते, त्याच दिशेने दाब आला तर नाही. पत्रा लाटताना बहुतेक थर पृष्ठभागाशी समांतर बसतात, म्हणून तो जाडीत बारीक व्हायला तयार नसतो.

एझेड३१ (सुमारे ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १ टक्का जस्त) या नेहमीच्या मिश्रधातूची पट्टी व्हाइसमध्ये धरून थंडच वाकवली, की हे डोळ्यांना दिसते. सौम्य पोलाद तुटण्याआधी मान बारीक करून इशारा देते. इथे तसे फारसे काही होत नाही. बाहेरच्या वळणावर बारीक रेघा उमटतात आणि पट्टी फट्दिशी तुटते. तुटलेली कड जाडीला तिरकी, साधारण ४५ अंशांत असते. विकृती (ताणाने होणारा आकारबदल) एका अरुंद पट्ट्यात साठते, अनेकदा दुहेरी यमलन झालेल्या, म्हणजे कलंडलेला पट्टा पुन्हा कलंडलेल्या जागी, आणि भेग तिथूनच धावते. वाकवताना आणखी एक घोळ होतो. आतली, दाबाखालची बाजू आधी नमते, त्यामुळे उदासीन अक्ष (जिथे पत्रा ना ताणला जातो ना दाबला जातो ती रेषा) बाहेरच्या बाजूला सरकतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी काढलेली ब्लँकची (आकार देण्याआधी कापलेल्या सपाट तुकड्याची) लांबी म्हणूनच इथे चुकते. टूलरूममध्ये हे आधीच ठाऊक असेल तर बराच माल वाचतो.

उपाय उष्णतेचा. साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसला बंद वाटा उघडतात आणि नवे बारीक कण तयार होऊ लागतात. चाकणच्या शेडमधला मे महिन्यातला ४० अंशांचा उकाडा या धातूच्या लेखी थंडच. डीप ड्रॉइंगमध्ये, म्हणजे पंच नावाच्या ठोकळ्याने सपाट पत्रा साच्यात ढकलून कप बनवताना, ब्लँक आणि पंच यांच्या व्यासांचे गुणोत्तर धातू थंड असताना १.४ च्या आतच अडते, गरम केल्यावर २ च्या पुढे जाते. डाय (खालचा साचा) आणि ब्लँक होल्डर (पत्र्याची कड दाबून धरणारी कडी) तापवतात, पंच मात्र गार ठेवतात. त्यामुळे कडेचा पत्रा मऊ राहून आत ओढला जातो आणि कपाची भिंत भार पेलते. प्रेस सावकाश चालवावा लागतो. नेहमीचे तेल या तापमानाला टिकत नाही, म्हणून ग्रॅफाइट वापरतात. ते नीट पुसले नाही तर पुढे त्याच जागी गंज धरतो.

ओतकामात भंगाचे कारण निराळे असते. एझेड९१ या ओतकामाच्या मिश्रधातूत कणांच्या सीमेवर मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचे ठिसूळ संयुग जमते, शिवाय वायूची छिद्रे राहतात. धक्का सोसायच्या भागांना, उदाहरणार्थ स्टिअरिंग व्हीलच्या सांगाड्याला, अ‍ॅल्युमिनियम कमी असलेला एएम६० घेतात. पत्र्यासाठी झेडई१० सारख्या मिश्रधातूंत दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) गटातले धातू थोड्या प्रमाणात घालतात. त्यामुळे थरांची एकसारखी मांडणी विस्कटते आणि पत्रा कमी तापमानालाही अधिक वळतो.