पार्श्वभूमी : किडनी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचे पेपर कसे मोजले गेले

मुंबईत किडनी ट्रान्सप्लांटवर संशोधन करणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांच्या पेपरांची यादी हाती आली की आधी साल पाहावं, मग पेपर कशावर आहे ते. एकूण आकडा सगळ्यात शेवटी. कुणाचे पेपर जास्त यावर वाद घालणारे मात्र आकड्यापासूनच सुरुवात करतात.

1965 साली परळच्या महापालिका रुग्णालयात झालेला किडनी बसवण्याचा प्रयत्न देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी. तो काळ इथे सोडून देऊ. कारण सायक्लोस्पोरिन (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) येईपर्यंत बसवलेल्या किडनीचा भरवसाच कमी होता.

ऐंशीच्या दशकात अडचण वेगळी होती. किडनी तेव्हा विकत मिळे आणि मुंबई हे त्याचं मोठं ठिकाण होतं. इथे किडनी विकत घेऊन बसवून गेलेल्या अमिराती आणि ओमानच्या 130 रुग्णांचा अभ्यास 1990 साली लंडनच्या एका नामांकित साप्ताहिकात छापून आला. मृत्यूचं प्रमाण धक्कादायक होतं. शस्त्रक्रिया मुंबईतल्या, त्यांचा हिशेब मात्र बाहेर मांडला गेला. अवयवांच्या विक्रीवर बंदी घालणारा 1994 चा कायदा आला, ब्रेन डेथला (मेंदू कायमचा बंद पडणं म्हणजे मृत्यू) मान्यता मिळाली, अवयववाटपासाठी 2000 साली मुंबईत समन्वय केंद्र उभं राहिलं. कायद्याआधीच्या पेपरात डोनर नात्याबाहेरचा दिसला, तर किडनी आली कुठून हे विचारायलाच हवं.

खरा गुंता 2015 चा. वैद्यकीय शिक्षणाच्या तेव्हाच्या नियामकाने त्या सप्टेंबरात परिपत्रक काढून प्राध्यापकांच्या बढतीसाठी कुठले पेपर धरायचे ते ठरवलं. फक्त मूळ संशोधन, ठरावीक सूचीतली जर्नल्स, आणि श्रेय पहिल्या दोन लेखकांनाच. निव्वळ ऑनलाइन निघणारी जर्नल्स बाद, केस रिपोर्ट (एकाच रुग्णाची नोंद) आणि रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा) बाद. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सना आळा घालायचा होता, हे मान्य. पण ट्रान्सप्लांटवाल्यांना हा नियम सगळ्यात जास्त बोचला.

एका साध्या पेपरामागे कोण कोण असतं ते बघा. नेफ्रॉलॉजिस्ट, किडनी बसवणारे युरॉलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ, क्रॉसमॅच म्हणजे डोनर आणि रुग्णाचं रक्त जुळतं का हे तपासणारी लॅब, बायोप्सी वाचणारे पॅथॉलॉजिस्ट. शिवाय रेकॉर्ड रूममधून जुने केस पेपर उपसून क्रिएटिनिनचे (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचे) आकडे तक्त्यात भरणारा रेसिडेंट. पाच वर्षांनी किडनी चालते आहे का हे पाहायचं, तर जळगाव-धुळ्याकडे परतलेल्या रुग्णांना फोन करत बसावं लागतं. निम्म्यांचे नंबर बदललेले. एवढ्यांपैकी बढतीसाठी फायदा तेव्हा दोघांना. मग विभागप्रमुखांचं नाव कुठे घालायचं, यावर पेपर लिहिण्याआधीच वाटाघाटी. तिसऱ्या क्रमांकावरच्या सर्जननी शस्त्रक्रिया स्वतः केलेली असली, तरी या मोजणीत त्यांचा पेपर शून्य.

केस रिपोर्ट वगळणं तर मला अनाकलनीयच वाटतं. रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना रुग्णाला टीबी झाला, किंवा बुरशीचा संसर्ग झाला, तर काय करायचं हे आपल्याकडचे डॉक्टर बरंचसं एकेका रुग्णावरून शिकले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत त्याला जेमतेम जागा असे. वैद्यकीय संपादकांनीही या परिपत्रकावर जाहीर टीका केली होती.

2020 च्या फेब्रुवारीत दुरुस्ती झाली. पहिले तीन लेखक किंवा करस्पॉन्डिंग ऑथर (पेपरचा पत्रव्यवहार पाहणारा लेखक), अशी मुभा मिळाली. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने घेतलेला आढावा) आणि केस सिरीज (अनेक रुग्णांच्या एकत्र नोंदी) धरल्या जाऊ लागल्या. सुटा केस रिपोर्ट बाहेरच राहिला. लगेच कोविड आला. ट्रान्सप्लांट झालेल्यांतला कोविड आणि त्यामागून आलेला म्युकर (काळी बुरशी) यांवर अनेक केंद्रांनी मिळून पेपर लिहिले आणि लेखकांच्या रांगा लांबल्या. त्यामुळे 2020 नंतर कुणाची यादी एकदम फुगलेली दिसली, तर ती सगळी बढतीच्या हव्यासापोटी नाही.

खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना यातलं फारसं काही लागू नव्हतं. तिथे शेकडो ट्रान्सप्लांट करूनही पेपर मोजकेच असू शकतात.

आणखी एक व्यावहारिक घोळ. डेटाबेसमध्ये आडनाव आणि आद्याक्षर एवढंच असलं की 'पाटील एस.' किंवा 'शाह आर.' यांच्या नावावर चार जणांचे पेपर जमा होतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांची यादी दोन तुकड्यांत विखुरते. 2012 पासून संशोधकांना स्वतंत्र ओळख क्रमांक घेता येतो. त्याआधीच्या पेपरांसाठी मात्र रुग्णालयाचं नाव आणि सहलेखक एकेक करून ताडून पाहावे लागतात.