माउस थिजतो, दिवा पेटलेलाच: जुन्या आयडीई डिस्कच्या अडकण्यामागचा इतिहास

जुन्या डेस्कटॉपवर काम करता करता माउस जागीच थिजतो, पुढचा डिस्कचा लाल दिवा विझत नाही आणि दहा-पंधरा सेकंदांनी सगळं पुन्हा सुरू होतं. अशा वेळी बरेच जण विंडोज बिघडलं समजून फॉरमॅट मारतात. पण त्याआधी कॅबिनेट उघडून डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी ती चपटी राखाडी केबल पाहायला हवी.

ही केबल १९८६ची देणगी आहे. त्याआधी हार्ड डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे तिचं काम चालवणारं सर्किट, वेगळ्या कार्डावर असायचा. वेस्टर्न डिजिटलने तो डिस्कवरच बसवला आणि कॉम्पॅकच्या संगणकांतून ही आयडीई जोडणी बाजारात आली. मदरबोर्डकडे उरली ४० पिनांची साधी वाट. स्वस्त पडली, म्हणून टिकली. पण एका केबलवर दोन ड्राइव्ह लावले तर एका वेळी एकच बोलू शकतो. सीडी ड्राइव्ह ओरखडे पडलेली सीडी वाचत अडकला, की त्याच केबलवरची हार्ड डिस्कही खोळंबते. म्हणून ही दोन्ही कधीही एका केबलवर ठेवू नयेत. मदरबोर्डवरच्या दोन आयडीई जोडण्यांपैकी प्रायमरीवर डिस्क, सेकंडरीवर सीडी.

जंपरची, म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीची, भानगडही त्याच काळातली. एका केबलवरच्या दोन ड्राइव्हपैकी पहिला ‘मास्टर’ आणि दुसरा ‘स्लेव्ह’, हे तिच्यामुळे ठरतं. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर ‘सिंगल’ आणि ‘मास्टर’ ही वेगळी सेटिंग्ज आहेत. एकटी डिस्क ‘मास्टर’वर ठेवली तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट पाहत बसते आणि संगणक सुरू होतानाच अडकतो.

खरी गुंतागुंत वेगामुळे आली. १९९८च्या एटीए-४ या आयडीईच्या मानकात अल्ट्रा डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती थेट मेमरीत पोहोचवण्याची वेगवान पद्धत) आलं आणि त्याबरोबर माहिती वाटेत बिघडली का हे पाहणारी सीआरसी तपासणी. त्याआधी तारेत एखादा बिट बिघडला तर कुणाला पत्ताही लागत नसे. आता चूक पकडली जाते आणि माहिती पुन्हा पाठवावी लागते. सेकंदाला ६६ एमबीच्या वेगासाठी ८० तारांची केबल आली: पिना ४०च, पण प्रत्येक सिग्नलच्या तारेशेजारी एक ग्राउंडची तार. निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. एकच डिस्क असेल तर ती टोकाच्या काळ्या कनेक्टरलाच लावा; मधल्याला लावली तर पुढचा मोकळा तुकडा सिग्नल परतवून गोंधळ घालतो.

विंडोज एक्सपी इथे एक घातक गोष्ट करतं. सीआरसी किंवा टाइमआउटच्या सहा चुका साठल्या की ते वेग एक पायरी खाली आणतं, आणि असं उतरत उतरत शेवटी पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर येतं. पीआयओत डिस्कवरचा प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो, म्हणून गाणंसुद्धा अडखळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्रायमरी आयडीई चॅनल’च्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘करंट ट्रान्सफर मोड’ पाहा. तिथे पीआयओ दिसलं तर आधी केबल बदला, मग ते चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा. केबल न बदलता हे केलं तर काही दिवसांत पुन्हा पीआयओच दिसेल.

दोष केबलचा की तबकडीचा, हे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या ‘स्मार्ट’ नोंदी सांगतात. १९९ क्रमांकाची नोंद म्हणजे सीआरसी चुका. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा, एकदोन जीबीची फाइल कॉपी करा आणि पुन्हा पाहा. वाढला असेल तर संशय केबलवर किंवा कनेक्टरवर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे छोटे कप्पे. तो वाढत असेल तर विंडोजची चेकडिस्क तपासणी चालवत बसू नका. आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवा, कारण ती तपासणी मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास घासत राहते.

दोन्ही आकडे स्थिर आहेत, तरी डिस्क मध्येच ‘टक्‌’ करून मोटर पुन्हा फिरवते? मग पॉवर सप्लाय तपासा. मल्टिमीटरचं काळं टोक मोलेक्सच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या चार तारांच्या कनेक्टरच्या, काळ्या तारेवर धरा, पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. डिस्क सुरू होताना मोटर सर्वांत जास्त करंट ओढते, म्हणून रीडिंग त्याच क्षणी घ्या. २०००च्या आसपासच्या अनेक बोर्डांवर आणि सप्लायमध्ये निकृष्ट कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांडीसारखे छोटे भाग) बसवले गेले होते. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचं डोकं फुगलंय किंवा तपकिरी चीक आलाय का, तेही टॉर्च मारून पाहा.