आधी अक्षर मोकळं झालं, मग धडा

वीसेक वर्षांपूर्वी वाशीत शिकवायला लागले तेव्हा सहामाहीच्या प्रश्नपत्रिका नाक्यावरच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणाव्या लागत. त्याने दिलेली फाइल शाळेतल्या संगणकावर उघडली की ‘पर्यावरण’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. फॉन्ट दुकानाने विकत घेतलेला होता, शाळेकडे तो नव्हता. पुढच्या वर्षी दोनच प्रश्न बदलायचे असले तरी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढायची. शाळांमधल्या मुक्त साहित्याची कहाणी बहुतेक जण परदेशी विद्यापीठांपासून सांगतात. मराठी शाळेपुरती ती अक्षरापासून सुरू होते, असं मला ठामपणे वाटतं.

परदेशातला भाग थोडक्यात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येतील अशा संगणक-प्रणालींचा प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स आला, संगणक चालवणारी तशीच एक मुक्त प्रणाली. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर खुलं करायचं ठरवलं. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक साहित्य’ या अर्थाचं नाव मिळालं आणि त्याच वर्षअखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने निघाले, ज्यांतून कर्ता आपलं साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल ते आधीच सांगून ठेवतो. मुक्त म्हणजे मोफत एवढंच नाही. ते उतरवून घेता येतं, बदलता येतं आणि बदललेलं पुढे वाटता येतं.

आता अक्षराकडे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची आणि तिच्यात देवनागरी होती. पण जोडाक्षर आणि वेलांटी पडद्यावर नीट उमटायला पुढे बरीच वर्षं गेली. खारघर स्टेशनासमोर, बेलापूरच्या हद्दीत आज जी सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आहे, ती पूर्वीची एनसीएसटी. तिच्या इंडिक्स प्रकल्पाने लिनक्सला भारतीय लिप्या शिकवल्या. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तिथेच रघू हा फॉन्ट घडवला. विंडोजमधून घरोघरी पोचलेला मंगलही त्यांच्याच हातचा. पुढे रेड हॅटने लोहित हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला.

मुलं पाटीवर पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवतात. मंगलमध्ये मात्र हिंदी वळणाची अक्षरं होती. पहिलीच्या मुलाने फळ्यावर एक ‘ल’ पाहायचा आणि पडद्यावर दुसराच, हे शिक्षकाला किती सलतं ते शिकवणाऱ्यालाच कळेल. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरवलं. बंद फॉन्टचं वळण बदलायचं तर मालकाची परवानगी लागते. मुक्त फॉन्टमध्ये ते बदलता येतं, आणि लोहितची वेगळी मराठी आवृत्ती निघालीही.

अक्षराचा प्रश्न सुटत गेला तसं साहित्याचं काम वेगाने झालं, आणि त्यातलं बरंचसं आपल्या आसपासच. वाशीहून खाडीपूल ओलांडला की मानखुर्द, तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. १३ ऑगस्ट २०१३ला एनसीईआरटीने मुक्त शैक्षणिक साहित्याचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं, त्याची तांत्रिक बांधणी या केंद्राच्या प्रयोगशाळेने केली होती. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिब्रेऑफिससारखी (लेखन-तक्त्यांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) साधनं मराठी आवाजात, छोट्या छोट्या पाठांतून शिकवली. शिक्षकांना मी आजही आधी हेच पाठ सुचवते.

धोरणही अनुकूल होतं. शालेय शिक्षणातल्या संगणक-तंत्रज्ञानाच्या २०१२च्या राष्ट्रीय धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला पसंती दिली आहे. केरळने तर त्याआधीच सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या होत्या. आपल्याकडे तसा एकमुखी निर्णय झाला नाही, याची खंत वाटते. बालभारतीच्या भूमितीच्या पुस्तकात जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरून आकृती काढायला सांगितलं आहे, पण शाळेत संगणकाच्या तासाला मुलं अनेकदा टायपिंगच करताना दिसतात.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचाचा क्यूआर कोडही पुस्तकांवर आला. कोविडच्या काळात आमच्या मुलांना त्या पीडीएफचा खरोखर आधार झाला. तरीही पुस्तकाचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. धडा वाचता येतो, त्यात आपली ओळ घालून तो पुढे देता येत नाही.

ऐरोलीच्या शिक्षिकेला नदीमुखाचा पाठ ठाणे खाडीवर बेतायचा असतो. रोहित पक्षी आणि तिवरं मुलांना दप्तर घेऊन चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. राष्ट्रीय भांडारातला असा पाठ घेऊन त्यात खाडीचा नकाशा आणि मुलांनी काढलेली चित्रं घालायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. मूळ कर्त्याचं नाव ठेवायचं आणि आपला पाठही त्याच परवान्याखाली द्यायचा, एवढीच अट. तो घणसोलीच्या शाळेने उचलला, तर तिथल्या मुलांची चित्रंही त्यात येतील.