स्टिरॉईड घेणारी मुलं आणि लांबलेलं वयात येणं

"बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटली, आमच्याचा अजून आवाजही फुटला नाही." लहानपणापासून स्टिरॉईडच्या गोळ्या घेतलेल्या मुलाच्या आईला ही काळजी लागते, मग घर निपाणीत असो, खानापुरात असो. काळजी रास्तच आहे. पण तिच्या भरात गोळी घरच्या घरी बंद केली, तर ते मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजाराचंच घ्या. सकाळी उठल्यावर मुलाच्या पापण्या सुजलेल्या असतात, लघवीला फेस येतो, कारण प्रथिनं लघवीतून वाहून जातात. त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड देतात, पहिल्या खेपेला साधारण ६ आठवडे रोज आणि पुढे ६ आठवडे दिवसाआड. गुण येतो, पण बऱ्याच मुलांमध्ये आजार पुन्हा उलटतो आणि गोळी काही वर्षं पाठ सोडत नाही.

मूत्रपिंडांच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथी एरवी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड, तयार करतात, तेही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या हुकमावरून. बाहेरून स्टिरॉईड मिळू लागलं की हा हुकूम थांबतो. अथणीकडे दाराशी रोज टँकर येऊ लागला, तर विहिरीवरची मोटर कोण चालू करेल? मोटर गंजते, आणि एके दिवशी टँकर अचानक बंद झाला की घागर कोरडी. म्हणूनच डोस हळूहळू, टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

वयात येण्याचा हुकूमही मेंदूतूनच सुटतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून एक संप्रेरक (हार्मोन) ठरावीक अंतरानं झिरपतं, त्यानं पीयूषिका जागी होते आणि ती बीजकोशांना किंवा वृषणांना कामाला लावते. जास्त डोस बरेच महिने चालला की ही साखळी मंदावते. मूळ आजारही तिला मागे ओढतो, सगळा दोष गोळीचा नसतो. हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्याही सुस्तावतात. पण दिलासा इथेच आहे. त्या पट्ट्यांचं वय होणंही लांबतं, त्यामुळे डोस उतरल्यावर मूल राहिलेली उंची बऱ्याच अंशी भरून काढतं. ऐन वयात येण्याच्या वर्षांत मोठा डोस चालू राहिला, तर मात्र थोडी उंची कायमची जाऊ शकते.

दम्याचा पंप याच तराजूत घालू नका. त्यातलं स्टिरॉईड थेट फुप्फुसात जातं आणि मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मुलांना काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड हे स्टिरॉईड पंपातून दिलं. २०१२ साली निष्कर्ष आले, तेव्हा मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरनं कमी भरली. ऊसाच्या फडात पाचट पेटलं की ज्या पोराला धाप लागते, त्याच्यासाठी ही किंमत मला तरी फार वाटत नाही. आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो.

तालमीत किंवा जिममध्ये कुणीतरी हळूच पुढे करतो ते इंजेक्शन वेगळंच. तेही स्टिरॉईडच, पण टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं. वाढत्या पोरात ते हाडांच्या पट्ट्या वेळेआधी बंद करतं आणि स्वतःच्या वृषणांचं काम थांबवतं. पंधरा-सोळाच्या पैलवानाला हे देणारा माणूस त्याची उंची आणि तब्येत दोन्ही लुटतो.

मुलीच्या छातीची वाढ १३ वर्षांपर्यंत किंवा मुलाच्या वृषणांची वाढ १४ वर्षांपर्यंत सुरू झाली नाही, तर बालसंप्रेरकतज्ज्ञांना दाखवावं. त्यांच्याकडे १ ते २५ मिलिलिटर मापाच्या मण्यांची माळ असते. तिच्याशी ताडून वृषणाचा आकार बघतात, ४ मिलिलिटरचा मणी जुळला की सुरुवात झाली असं समजतात. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. हाडं वयापेक्षा मागे असतील तर वाढीला अजून वाव आहे.

ताप, जुलाब, ऑपरेशन अशा वेळी निरोगी शरीर कॉर्टिसॉल कितीतरी वाढवतं. गोळीवर असलेल्या किंवा नुकतीच गोळी सुटलेल्या मुलाला ते जमत नाही. साखर घसरते, रक्तदाब पडतो, मूल गळून जातं. आपल्याकडे बेळगावात उतार पडला नाही की माणसं मिरज, कोल्हापूर गाठतात आणि नव्या डॉक्टरला मागचं काही ठाऊक नसतं. तिथं पोचल्यावर आधी "याला स्टिरॉईड चालू आहे" हे सांगा आणि डोसचा कागद पुढे करा. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसॉलचं, इंजेक्शन लगेच द्यावं लागतं.