जुन्या आरसी बग्ग्या वळणावर सरळ का जातात?

जुन्या रिमोट कंट्रोल (आरसी) बग्ग्या पुन्हा धावू लागल्या आहेत. कुणी कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली गाडी बाहेर काढतो, तर कुणी कंपनीने नव्याने बाजारात आणलेलं जुनं मॉडेल जोडतो. जपानच्या तामिया कंपनीने २००० नंतर हॉर्नेट, ग्रासहॉपर, हॉटशॉट ही १९८० च्या दशकातली मॉडेल्स पुन्हा बनवली, त्यामुळे ज्यांनी ती लहानपणी फक्त चित्रात पाहिली होती त्यांनाही ती मिळू लागली. पहिल्या फेरीनंतरच्या तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडी नाकासमोर जाते, सरळ पट्ट्यात ती डावी-उजवीकडे भरकटते आणि उडी मारून खाली आली की तोंड भलतीकडेच वळतं. मग बहुतेक जण जोरदार सर्व्हो (रेडिओच्या हुकमाने स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर) विकत आणतात. माझ्या मते तो शेवटून दुसरा उपाय आहे. हे दोष कुठून आले ते कळलं, तर हात आधी कुठे घालायचा तेही कळतं.

या गाड्यांच्या स्टिअरिंगमागचं तत्त्व त्यांच्यापेक्षा खूप जुनं आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, म्हणून दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळवली तर एक चाक फरफटतं. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी यावर तोड काढली आणि रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ मध्ये तिचं ब्रिटिश पेटंट घेतलं. आजही त्या भूमितीला अॅकरमनचंच नाव आहे. खेळण्याच्या बग्गीत ती साधायची तर नकलच्या (पुढचं चाक धरून वळणाऱ्या भागाच्या) हाताचा कोन, टाय रॉडची (त्या हाताला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या सळईची) लांबी आणि मधल्या जोडाची जागा हे तिन्ही जुळावे लागतात. सुरुवातीच्या किटमध्ये हे जुळवण्यावर फारसा भर नव्हता, आणि त्याला कारणंही होती.

तामियाची पहिली आरसी गाडी १९७६ ची पोर्शे ९३४. ती गुळगुळीत पृष्ठभागावर चालवायची गाडी होती. १९७९ मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर आल्या आणि आरसी मातीत उतरली. या दोन्हींचं पुढचं सस्पेन्शन फोक्सवॅगन बीटलच्या पद्धतीचं होतं, ओतीव धातूच्या ट्रेलिंग आर्मचं, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या आणि मागच्या टोकाला चाक धरणाऱ्या दांड्यांचं. रिसीव्हर (रेडिओचा संदेश घेणारा भाग) आणि सर्व्हो पाणी शिरू नये म्हणून बंद डब्यात ठेवलेले असत. देखणी आणि दणकट रचना. पण ट्रेलिंग आर्ममध्ये गाडी वळणावर कलली की चाकही तिच्याबरोबर तेवढंच बाहेर कलतं, टायरची कडच जमिनीला लागते आणि पकड जाते. खऱ्या बीटलची हुबेहूब नक्कल करायची म्हटल्यावर हा गुण-दोष सोबत येणारच होता.

१९८४ च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेटचा हेतू वेगळा होता. पहिल्यांदाच गाडी जोडणाऱ्या मुलाला ती एका सुट्टीत जोडता यावी, आपटली तरी मोडू नये आणि परवडावी. म्हणून पुढे दोन्ही बाजूंना एकेकच आर्म आला. वरचा आर्म नाही, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलायची सोय नाही. आर्म खालीवर झाला की चाकाचा कल त्याच्याबरोबर बदलतो. सर्व्होवर सर्व्हो सेव्हर (झटका झेलणारा स्प्रिंगचा जोड) बसवला आणि त्यातून दोन रॉड थेट दोन चाकांकडे नेले. भाग कमी, म्हणून मोडण्यासारखंही कमी. या गाड्यांनी लाखो मुलांना हा छंद लावला, तेव्हा या साधेपणाला नावं ठेवणं मला पटत नाही. त्याची किंमत मात्र स्टिअरिंगला मोजावी लागली.

ती किंमत डोळ्यांनी पाहता येते. पुढच्या एका बाजूची स्प्रिंग काढा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि बोटाने आर्म हळूहळू वर उचला. चाक नुसतं वर जात नाही, जाता जाता थोडं वळतंही. आर्म स्वतःच्या खिळीभोवती एक कमान काढतो आणि टाय रॉड आपल्या आतल्या टोकाभोवती दुसरी. या दोन कमानी जुळल्या नाहीत की रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात. खडबडीत मैदानात प्रत्येक खळग्यागणिक चाकं आपोआप वळत राहतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं की रेडिओच बिघडलाय.

सर्व्हो सेव्हरचीही अशीच गोष्ट आहे. त्या काळच्या साध्या सर्व्होचा जोर जेमतेम ३ किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या आसपास असायचा आणि आतले गिअर प्लास्टिकचे असत. चाक दगडाला आदळलं की झटका सरळ त्या गिअरवर येई. म्हणून मध्ये स्प्रिंगवाला सेव्हर घातला आणि गिअर वाचवायचे म्हणून तो मऊ ठेवला. त्यातून सर्व्हो हवा तेवढा फिरतो, पण टायरवर भार असताना सेव्हरची स्प्रिंगच दबते आणि चाक अर्ध्यावर थांबतं. जुन्या गाडीत महागडा सर्व्हो बसवूनही फरक जाणवत नाही तो बहुधा यामुळेच. सर्व्हो ताकदवान झाला, पण त्याची ताकद त्याच मऊ स्प्रिंगमधून जाते. आधी घट्ट सेव्हर घाला. विकत घेताना दात मोजून घ्या, कारण फुताबाच्या शाफ्टला २५ दात असतात, हायटेकच्या २४ आणि सान्वा, केओ यांच्या २३.

चारचाकी ड्राइव्हच्या गाड्यांचा त्रास निराळा. १९८५ च्या हॉटशॉटने शाफ्टवरून चारही चाकांना ताकद दिली आणि सैल मातीत ती दोनचाकीवाल्यांपेक्षा, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांपेक्षा, जोरात निघाली. पण पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलच्या (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेच्या) मध्ये तिसरं डिफरन्शियल नव्हतं. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापायचा असतो, शाफ्ट मात्र दोन्हीकडे सारखेच फेरे देतो. पुढची चाकं फरफटतात आणि गाडी बाहेर जाते. भरीला पुढे एक आणि मागे एक असे दोनच शॉक (शॉक अॅब्झॉर्बर) होते. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर तो शॉक काम चोख करतो, पण गाडी एका बाजूला कलते तेव्हा त्याचा धाक कमी पडतो. पुढे शर्यतीच्या गाड्यांमध्ये पुढच्या ड्राइव्हला वन-वे बेअरिंग आलं, ज्यामुळे वळणात पुढची चाकं शाफ्टपेक्षा वेगाने फिरू शकली. ब्रिटनच्या सेसिल शूमाकर यांचं बॉल डिफरन्शियलही याच ओघातलं. एक स्क्रू कमी-जास्त आवळून डिफरन्शियल किती सैल ठेवायचं ते मैदान पाहून ठरवता येऊ लागलं.

खरी कलाटणी मिळाली ती १९८४ मध्ये, टीम असोसिएटेड या अमेरिकी कंपनीच्या आरसी१० मुळे. ती खेळण्यातून शर्यतीकडे सरकलेली गाडी नव्हती, तर पहिल्यापासून शर्यतीसाठीच आखलेली होती. सोनेरी अॅल्युमिनियमचा टब, नाकाकडे वर उचललेली पुढची प्लेट, खाली लांब आर्म आणि वर लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड. उचललेल्या नाकामुळे चाकाचा किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती खिळी) मागे झुकतो, म्हणजेच कॅस्टर मिळतो. त्यामुळे सरळ धावताना चाकं आपोआप मध्यावर येऊ पाहतात आणि वळवली की बाहेरचं चाक आतल्या बाजूला कलून जमीन पकडतं. स्टिअरिंगसाठी सर्व्होवरून थेट रॉड न नेता दोन बेलक्रँक (खिळीभोवती फिरणारे कोनाकृती हात) मध्ये आणले. टाय रॉडची आतली टोकं आर्मच्या खिळीजवळ ठेवता आली, दोन्ही कमानी बऱ्याच जुळल्या आणि बंप स्टिअर आटोक्यात आला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला १/१० मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे दोनचाकी गटात जे हॅल्सी आरसी१० वर जिंकला आणि चारचाकी गटात गिल लोसी ज्युनिअर योकोमोच्या गाडीवर. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या रॉम्सीला जोएल जॉन्सनने क्योशोच्या अल्टिमावर दोनचाकी गट मारला. तोवर वरचा-खालचा असे दोन दुवे, तेलाचे चार शॉक आणि बेलक्रँक हे ठरूनच गेलं होतं.

तरीही दोनचाकी गाड्यांचा एक दोष पुढे बरीच वर्षं राहिला. मोटर मागच्या अॅक्सलपाशी किंवा त्याच्याही मागे. सैल मातीत मागच्या चाकांना पकड हवी म्हणून ती जागा योग्यच होती, पण नाक हलकं राहिलं. त्यात स्पीड कंट्रोलर यांत्रिक होता. एक वेगळा सर्व्हो संपर्कपट्टी सरकवायचा आणि ताकद पायरी-पायरीने मिळायची. वळणाच्या मध्यावर एक पायरी वाढली की भार झटक्यात मागे जातो, पुढचे टायर हलके होतात आणि गाडी रेषा सोडते. इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आल्यावर जुन्याच गाड्या नीट वळू लागल्याचं अनेकांना जाणवलं ते यामुळेच, आणि ही बाजू बहुतेक जण विसरतात. तो सर्व्हो आणि ताकद कमी करणारा रेझिस्टर निघून गेल्याने वजन कमी होतं ते वेगळंच.

म्हणून आज जुनी गाडी हातात आली की मी आधी प्ले (सांध्यांतली ढिलाई) पाहतो. सर्व्होचा हात एका हाताने घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने पुढचं चाक हलवायचं. किंगपिनचं झिजलेलं भोक, सैल बॉल जोड, चाकातला प्लास्टिकचा बुश आणि सेव्हर, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी ढिलाई असते आणि ती सगळी टायरपाशी एकत्र होते. किंगपिनला पातळ शिम (चकती), चाकांना बॉल बेअरिंग, रॉडला नवे बॉल एंड. एवढ्यावरच गाडी सरळ धावायला लागते. त्यानंतर टायर. कित्येक वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि कडक रबराला कुठलीही भूमिती वाचवू शकत नाही. पुढे रेघांचे आणि मागे काट्यांचे टायर ही त्या काळची जोडी आजही मातीत उत्तम चालते. मग बॅटरी शक्य तितकी पुढे सरकवायची. हलक्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीने एकूण वजन घटतं, पण नाकावर थोडं पितळ किंवा शिसं लावल्याशिवाय काही गाड्यांचं पुढचं टोक जमिनीला धरत नाही. शेवटी टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते: समोर अगदी किंचित टो-आउट (तोंडं बाहेर) ठेवला तर वळणाची सुरुवात चपळ होते, जास्त ठेवला तर गाडी सरळ पट्ट्यात डोलते.

बेलक्रँकचे जोडसंच काही जुन्या मॉडेल्ससाठी बाजारात मिळतात. ग्रासहॉपरसारख्या गाडीत मी ते घालत नाही. तिचा एकेरी आर्म तसाच राहतो, चाकाचा कल बदलतच राहतो आणि सुधारणा अर्धवट होते. त्याऐवजी पुढची उसळी थोडी कमी केली, म्हणजे आर्म फार वरखाली होणारच नाही अशी स्प्रिंग घातली, की बंप स्टिअरही कमी होतो आणि गाडी मूळच्या रूपात राहते. हॉटशॉटमध्ये मात्र स्टिअरिंगच्या सांध्यांवर खर्च करणं सार्थकी लागतं, कारण तिचे आर्म आणि दुवे मुळात चांगले आहेत.

रेडिओचं काम सर्वात शेवटी. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या एएम सेटवर मध्य जुळवायचं ट्रिम असायचं, त्यापलीकडे फारसं काही नाही. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या सेटवर दोन्ही बाजूंची शेवटची हद्द वेगवेगळी ठरवता येते आणि एक्स्पोने मध्याभोवतीचा स्पर्श मऊ करता येतो. हद्द मात्र आधी चाकं हाताने वळवून, नकल जिथे आर्मला टेकतो तिथे बेतायची. नाहीतर सर्व्हो त्या टोकाला अडून तापत राहतो.