मिर्झा देलिबाशिच

देलिबाशिच, मिर्झा (९ जानेवारी १९५४ – ८ डिसेंबर २००१) : बोस्नियाचे बास्केटबॉलपटू आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. टोपणनाव ‘किंजे’. खेळले ते युगोस्लाव्हियासाठी. प्रशिक्षक झाले ते मात्र त्याच देशातून फुटून निघालेल्या, जेमतेम वर्षभर वयाच्या बोस्निया-हर्झेगोव्हिनाचे, आणि तेही राजधानी सारायेव्होला वेढा पडलेला असताना.

जन्म ईशान्य बोस्नियातील तुझ्ला या शहरी. हे गाव मिठाच्या खाणींचे. नावातला ‘तुझ’ म्हणजे तुर्की भाषेत मीठच. लहानपणी ते टेनिस खेळत. बास्केटबॉलचे पहिले धडे तिथल्याच ‘स्लोबोदा’ क्लबात घेतले आणि १९७२ साली, अठराव्या वर्षी, ते सारायेव्होच्या ‘बोस्ना’ संघात आले. बोस्ना तेव्हा दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर चढलेला संघ होता. प्रशिक्षक बोग्दान तान्येविच स्वतःच पंचविशीतले. बेलग्रेड, झाग्रेब, स्प्लिट इथल्या मातब्बर क्लबांपुढे या पोरांची डाळ शिजेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. १९७८ मध्ये याच संघाने युगोस्लाव्ह लीग जिंकली. त्याच वर्षी कोराच चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र बान्या लुका इथे, म्हणजे बोस्नियातच, जादा वेळेनंतर बेलग्रेडच्या पार्तिझान क्लबाकडून ११०–११७ अशी हार पत्करावी लागली.

त्याची भरपाई वर्षभरातच झाली. ५ एप्रिल १९७९ रोजी फ्रान्समधील ग्रेनोबल इथे युरोपीय चषकाचा, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, अंतिम सामना होता. समोर इटलीचा वारेसे. हा संघ सलग दहाव्यांदा अंतिम फेरीत आला होता आणि पाचदा चषक घेऊन गेला होता. बोस्नाने ९६–९३ अशी बाजी मारली. झार्को वारायिच यांचे ४५ गुण आणि देलिबाशिच यांचे ३०. म्हणजे ९६ पैकी ७५ गुण दोघांचेच. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा आली ती १९८४ मध्ये, तेव्हा दुरून टाकलेल्या चेंडूलाही दोनच गुण मिळत, हे आजच्या प्रेक्षकाने ध्यानात घ्यावे. युरोपीय चषक युगोस्लाव्हियात आणणारा बोस्ना हा पहिला क्लब.

राष्ट्रीय संघात चोसिच, दालिपागिच, किचानोविच आणि स्लाव्हनिच यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. युरोपीय अजिंक्यपद १९७५ व १९७७ मध्ये, माँट्रिऑल ऑलिंपिकचे रौप्यपदक १९७६ मध्ये आणि मनिलातील जागतिक अजिंक्यपद १९७८ मध्ये (अंतिम सामन्यात सोव्हिएत संघावर ८२–८१, एका गुणाने). १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये इटलीला ८६–७७ असे हरवून सुवर्णपदक मिळाले आणि मिळवण्यासारखे फारसे काही उरले नाही.

१९८१ मध्ये ते रेआल माद्रिदकडे गेले आणि पहिल्याच हंगामात स्पॅनिश लीग जिंकली. १९८३ मध्ये तान्येविच यांनी त्यांना इटलीत कासेर्ताला बोलावून घेतले. तिथे मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, खेळ संपला. वय २९.

पुढची गोष्ट थेट युद्धातली. बोस्नियन सर्ब सैन्याने सारायेव्होला घातलेल्या वेढ्याची सुरुवात ५ एप्रिल १९९२ पासून धरतात. ग्रेनोबलच्या विजयाला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे झाली होती. देलिबाशिच शहर सोडून गेले नाहीत. १९९३ मध्ये जर्मनीतील युरोपीय स्पर्धेसाठी बोस्नियाचा संघ उभा करायचे काम त्यांच्याकडे आले. मूळ अडचण खेळाची नव्हतीच; शहराबाहेर पडायचे कसे, हीच होती. विमानतळाखालचा प्रसिद्ध बोगदा जुलैअखेर खुला झाला, म्हणजे स्पर्धा उरकल्यावर. त्याआधी बाहेर पडण्याची वाट एकच : संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातली उघडी धावपट्टी जीव मुठीत धरून ओलांडायची. दोन्ही अंगांना नेमबाज दबा धरून बसलेले, आणि रात्री शोधदिव्याच्या झोतात सापडले की गोळी ठरलेली. त्या धावपट्टीवरून पळत निघालेले खेळाडू पुढे पोलंडमध्ये व्रोत्सवाफला पात्रता फेरी खेळले आणि जर्मनीला पोहोचले. तिथे हा संघ आठवा आला. स्पर्धेत सर्वाधिक सरासरीने गुण करणारा खेळाडू याच संघाचा होता : साबाहुद्दिन बिलालोविच. पदकांच्या हिशेबात आठवा क्रमांक क्षुल्लक असेल. प्रस्तुत लेखकाला तो मॉस्कोच्या सुवर्णाहून हलका वाटत नाही.

ती स्पर्धा जर्मनीने जिंकली, अंतिम सामन्यात रशियाला ७१–७० असे हरवून. जर्मनीचे प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच हे सर्बियाचे, आणि सत्तरच्या दशकात बोस्ना संघात देलिबाशिच यांचे सहकारी. ज्या देशासाठी एके काळी देलिबाशिच खेळले, त्या युगोस्लाव्हियाच्या उरलेल्या भागाला निर्बंधांमुळे स्पर्धेत प्रवेशच नव्हता.

पेशिच यांच्यासारखी दीर्घ प्रशिक्षक-कारकीर्द देलिबाशिच यांच्या वाट्याला आली नाही. वयाच्या ४७ व्या वर्षी सारायेव्होतच त्यांचे निधन झाले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने आपल्या सन्मान दालनात त्यांचा समावेश केला. सारायेव्होतील स्केंदेरिया संकुलातल्या ज्या सभागृहात बोस्ना खेळतो, त्याला त्यांचेच नाव आहे.