ए-२ आणि जी-१ : लेबलवरचा आकडा एकच, अंगावर बसण्याची रीत वेगळी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कमरेपर्यंतच्या, चेन लावलेल्या कोणत्याही तपकिरी चामडी जॅकेटला सरसकट ‘बॉम्बर’ म्हटले जाते. दुकानात किंवा रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण जुन्या अमेरिकी वैमानिकांच्या जॅकेटाची जशीच्या तशी शिवलेली प्रतिकृती परदेशातून मागवायची असेल, तर या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या बांधणीची वस्त्रे येतात, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. त्यांपैकी एक ए-२ आणि दुसरे जी-१. दोन्ही तपकिरी, दोन्हींना पुढे दोन झाकणाचे खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरी विणीचा पट्टा. छायाचित्रात समोरून पाहिले तर कॉलर सोडून फारसा फरक जाणवत नाही. त्यामुळे ए-२ मध्ये ज्याला ४० नंबर नीट बसतो, तो जी-१ सुद्धा डोळे झाकून ४० नंबरचेच मागवतो. दोन्हींचा खरा फरक पाठीमागे असतो, आणि माप तिथेच चुकते.

ए-२ हे अमेरिकी भूसेनेच्या हवाई दलाचे जॅकेट. १९३१ साली ते अधिकृत झाले आणि १९४३ मध्ये त्याच्या नव्या मागण्या थांबवण्यात आल्या. चामडे सुरुवातीला घोड्याचे, पुढे बकऱ्याचे आणि काही प्रमाणात गाईचेही वापरले गेले. कॉलर साध्या चामड्याची, तिची टोके टिचबटणाने खाली दाबलेली, गळ्याशी एक आकडा (हूक) आणि खांद्यांवर पट्ट्या. पाठ मात्र एकाच सलग चामड्याची असते, तिला मध्ये जोड नाही आणि चुणीही नाही. जी-१ ची परंपरा अमेरिकी नौदलाची. दुसऱ्या महायुद्धातील एम-४२२ए या जॅकेटापासून ती चालत आली आणि १९४७ मध्ये तिला जी-१ हे नाव मिळाले. याचे चामडे बहुधा बकऱ्याचे, कॉलरवर मेंढीची दाट लव, खिशांच्या झाकणांना टिचबटणांऐवजी साधी बटणे आणि खांद्यांवर पट्ट्या नाहीत. पाठीत दोन्ही खांद्यांमागे एकेक उघडणारी चुणी, कमरेजवळ आडवा शिवलेला अर्धा पट्टा आणि काखेत बसवलेला चामड्याचा लहान तुकडा, अशी तीन गोष्टींची जोडणी असते.

मापाचा सगळा प्रश्न या चुण्यांशी जोडलेला आहे. वैमानिकाला हात पुढे करून दांडा धरावा लागतो, वर असलेल्या कळांपर्यंत पोहोचावे लागते. हात पुढे गेले की दोन्ही खांद्यांच्या पाती एकमेकींपासून दूर सरकतात आणि पाठीवरच्या कापडाला जास्त रुंदी लागते. हे घरच्या घरी पाहता येते. हात सैल सोडून उभे राहावे आणि पाठीवर एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत कुणाकडून तरी टेप लावून घ्यावा. मग गाडीचे हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे न्यावेत आणि तेच माप पुन्हा घ्यावे. माप चांगलेच वाढलेले दिसेल. ही वाढ जी-१ मध्ये चुण्या उघडून भरून काढली जाते, तर ए-२ मध्ये पाठ सलग असल्याने ती आधीपासूनच कापणीत ठेवलेली असावी लागते. ती नसेल तर हात पुढे करताच बाह्या वर ओढल्या जातात, मनगटे उघडी पडतात आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो.

म्हणून ए-२ निवडताना पहिली नजर खांद्यावर आणि पाठीच्या रुंदीवर हवी, छातीवर नंतर. जी-१ मध्ये हा क्रम उलटा होतो. तिथे खांदा थोडा अरुंद वाटला तरी चुणी सांभाळून घेते, पण कमरेजवळचा आडवा पट्टा मागची बाजू आत ओढून धरतो, त्यामुळे छाती आणि पोट यांचे माप जास्त काटेकोर पाहावे लागते. ज्यांचे पोट थोडे सुटलेले आहे, त्यांना ए-२ ची सरळ उतरणारी बाजू सहसा मानवते, आणि जी-१ मध्ये तोच नंबर कमरेला आवळतो. याउलट ज्यांची छाती भरदार आणि कंबर बारीक आहे, त्यांच्या अंगावर जी-१ चा कमरेला निमुळता होणारा आकार उठून दिसतो, हे माझे ठाम मत आहे.

जमिनीवर पसरून घेतलेली मापे वाचताना या फरकाची आठवण ठेवली नाही, तर आकडे दिशाभूल करतात. विक्रेते सहसा चार-पाच मापे देतात: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत छाती, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत खांदा, बाही, कॉलरच्या शिवणीपासून खालच्या विणीच्या टोकापर्यंत पाठीची उंची, आणि कधी कधी कंबर. जी-१ चा खांदा मोजताना जॅकेट सपाट पसरलेले असते आणि चुण्या मिटलेल्या असतात. म्हणजे तो आकडा मिटलेल्या पाठीचा असतो, वापरातल्या पाठीचा नव्हे. ए-२ चा १८ इंच खांदा आणि जी-१ चा १७ इंच खांदा समोरासमोर ठेवून ‘जी-१ लहान आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच योग्य नाही. मापाची तुलना करायची असेल तर ए-२ ची ए-२ शी आणि जी-१ ची जी-१ शी करावी. जपानी आणि युरोपीय विक्रेते सेंटिमीटरमध्ये मापे देतात आणि आपल्याकडचे टेलर इंचात बोलतात, हेही विसरू नये. २.५४ ने भागले की इंच मिळतात. उदाहरणार्थ, सपाट छाती ५४ सेंटिमीटर असेल तर ती सुमारे सव्वाएकवीस इंच झाली, आणि दुप्पट केली की जॅकेटाचा पूर्ण घेर साडेबेचाळीस इंच.

या घेरातून अंगाची छाती वजा केली की मोकळीक कळते. जुन्या लेबलवरचा आकडा माणसाच्या छातीचा असे, जॅकेटाच्या घेराचा नसे. ४० नंबरचे जॅकेट ४० इंच छातीच्या माणसासाठी, असा त्याचा अर्थ. महायुद्धकाळातील ए-२ मुळातच अंगाला धरून असे, कारण ते शर्टवर घालायचे वस्त्र होते आणि खरी कडाक्याची थंडी लागणाऱ्या उंचीवर त्यावर मेंढीच्या कातड्याचे जाड कपडे चढवले जात. माझ्या मते ए-२ मध्ये साधारण चार इंचांची मोकळीक ठेवावी, म्हणजे ३९ इंच छातीला सपाट माप साडेएकवीस इंचांच्या आसपास. जी-१ मध्ये चुण्या आणि काखेतील तुकडा हालचालीला मदत करतात, म्हणून तिथे तीन इंचही पुरतात. आत जाड स्वेटर घालण्याचा इरादा असेल तर दोन्हींत एकेक इंच वाढवावा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारवा चांगला जाणवतो, पण तो स्वेटरावर जॅकेट चढवण्याइतका कडक क्वचितच असतो. त्यामुळे येथील बहुतेकांना शर्टवरचे माप धरून चालता येईल.

‘चामडे आहे, वापरून सैल होईल’ ही समजूत आपल्या भागात विशेष घट्ट आहे, आणि तिला कारणही आहे. अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग या परिसरात कोल्हापुरी चप्पल घडवणाऱ्या कारागिरांची पिढीजात वस्ती आहे. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही चार जिल्हे त्यात आले. नवी कोल्हापुरी आठ-दहा दिवस पाय चावते, तेल दिले की हळूहळू पायाचा ठसा घेते, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. जॅकेटाच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू होत नाही. चपलेवर सबंध शरीराचा भार पडतो आणि पट्टा मोकळ्या चामड्याचा असतो. जॅकेटाचे चामडे पातळ असते, आतून सुती किंवा रेशमी अस्तराला जोडलेले असते आणि त्यावर भार जवळपास पडतच नाही. कोपरापाशी, खांद्याच्या गोलाईवर ते मऊ होते, अंगाच्या वळणाला सरावते, पण आखूड पाठ लांब होत नाही आणि अरुंद खांदा रुंद होत नाही.

उलट बाहीच्या बाबतीत वापराने माप कमी होते, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येते. नवी बाही सरळ असते. काही महिने घातल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला आडव्या घड्या पडतात, त्या घड्यांत थोडे चामडे अडकून राहते आणि मनगटाचा पट्टा वर सरकतो. घोड्याच्या कडक चामड्यात या घड्या खोल आणि कायमच्या पडतात, बकऱ्याच्या दाणेदार, लवचीक चामड्यात त्या मऊ असतात. म्हणून घोड्याच्या चामड्याचे ए-२ घेताना बाही पहिल्या दिवशी तळहाताच्या सुरुवातीला टेकली तरी घाबरू नये. ती मनगटावर अगदी बरोबर बसत असेल, तर पुढे आखूड पडण्याची शक्यता आहे.

उंचीबद्दल दोन्ही जॅकेटांवर एकच तक्रार केली जाते की ती आखूड आहेत. ती आखूडच असायला हवीत. १९३० आणि १९४० च्या दशकांत पँट बेंबीच्या पातळीवर बांधली जाई आणि जॅकेटाचा विणलेला पट्टा तिच्या कमरपट्ट्यावर टेकत असे. आजची जीन्स त्याच्या बरीच खाली बसते, त्यामुळे मध्ये शर्टाची पट्टी दिसते. यावर उपाय म्हणून एक नंबर मोठा घेतला तर उंची जेमतेम वाढते, पण छाती दोन इंचांनी फुगते आणि खांदे उतरतात. शर्ट आत खोचावा किंवा थोडी उंच कमरेची पँट घालावी. नंबर वाढवणे हा या तक्रारीवरचा इलाज नव्हे.

गळ्याचाही विचार करावा. ए-२ ची चेन वरपर्यंत ओढून आकडा लावला की कॉलर गळ्याला वेढते, त्यामुळे मान जाड असेल तर तेही माप विचारून घ्यावे. जी-१ ची लवदार कॉलर मानेमागे बरीच जागा घेते आणि जॅकेट बहुधा वरच्या बाजूने उघडेच वापरले जाते.

आणखी एक घोळ एकाच नावाच्या आत आहे. ए-२ लष्करी साठ्यातून गेल्यावर अमेरिकी हवाई दलाने ते १९८८ मध्ये पुन्हा सुरू केले, पण नवे ए-२ बकऱ्याच्या चामड्याचे आणि जुन्याहून ऐसपैस होते. जी-१ अनेक दशके चालू राहिल्याने त्याचे तपशील वेळोवेळी बदलले, आणि खऱ्या लवीच्या कॉलरच्या जागी कृत्रिम लवही आली. युद्धकाळातील ए-२ तर रफ वेअर, एरो लेदर, ड्युबो, पेरी स्पोर्ट्सवेअर अशा अनेक कारखान्यांत शिवले गेले आणि प्रत्येकाने स्वतःचा साचा वापरला. चांगले प्रतिकृतिकार कोणत्या कारखान्याच्या, कोणत्या कंत्राटाच्या जॅकेटावरून साचा घेतला ते सांगतात. म्हणून ‘ए-२, ४० नंबर’ एवढ्या वर्णनावर पैसे पाठवू नयेत. साचा युद्धकाळातला की नंतरचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये.

परदेशातून आलेली वस्तू परत पाठवणे खर्चाचे असल्याने, चूक झाली तर खडेबाजारातल्या टेलरकडून दुरुस्त करून घेऊ, असा विचार अनेकांच्या मनात असतो. त्याला मर्यादा आहेत. कापडाची शिवण उसवली की भोके मिटतात, चामड्यात सुईची भोके कायम राहतात. त्यामुळे आत घेणे शक्य आहे, बाहेर सोडणे जवळपास अशक्य. विणलेले पट्टे आणि चेन बदलता येते, मनगटाचा पट्टा सोडवून बाही थोडी आखूड करता येते, ए-२ ची बाजूची शिवण कुशल हाताने आत घेता येते. खांद्याला मात्र हात लावू नये, आणि जी-१ च्या पाठीला तर मुळीच नाही, कारण चुणी, आडवा पट्टा आणि काखेतील तुकडा एकमेकांत गुंतलेले असतात. एक उसवले की तिन्हींचा तोल जातो.

आपल्याकडे ही जॅकेटे घेणाऱ्यांपैकी बरेच जण ती मोटारसायकलवर घालतात. चोर्ला घाटातून गोव्याकडे किंवा चंदगडमार्गे आंबोलीकडे पहाटे निघणाऱ्यांना वारा रोखणारे जॅकेट हवेच असते. हँडल धरल्यावर हात तासन्‌तास पुढेच राहतात, म्हणजे वैमानिकासाठी केलेली पाठीची सोय इथे रोज कामाला येते. अशा वापरासाठी मी जी-१ ला पसंती देईन. ए-२ च घ्यायचे असेल तर पाठीचे माप हात पुढे करून घ्यावे, विक्रेत्याकडून मागच्या बाजूची काखेपासून काखेपर्यंतची रुंदी स्वतंत्रपणे मागवावी, आणि ती आपल्या हात पुढे केलेल्या मापाहून कमी असेल तर ते जॅकेट छातीला कितीही नेमके बसणारे असले तरी घेऊ नये.